डोंगरी ओढे, वाहती लाकडे आणि पूर

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या गावांना पावसाळ्यातील पूर नवा नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला म्हणजे थोड्याच वेळात खालचा ओढा फुगतो, फरशीवरून पाणी जाऊ लागते, ये-जा थांबते आणि पाऊस उघडला की पाणी तितक्याच त्वरेने ओसरते. ह्या चढउताराचे गावकऱ्यांना नेमके ज्ञान असते. अमुक खडक बुडाला की पलीकडे जावयाचे नाही, अमुक उंबराच्या मुळाशी पाणी लागले की गुरे वर न्यावयाची, असे त्यांचे अनुभवाने ठरलेले आडाखे असतात आणि ते बहुधा खरे ठरतात. परंतु एखाद्या वर्षी हे आडाखे चुकतात. पाऊस नेहमीसारखाच असतो, तरी पाणी पूर्वी कधी न आलेल्या अंगणात शिरते. किंवा ओसरत चाललेला ओढा एकाएकी उसळून येतो. अशा प्रसंगांचा नंतर शोध घेतला असता त्याचे कारण पुष्कळदा पुलाच्या गाळ्यात सापडते. तेथे एखादे झाड आडवे अडकलेले असते व त्याच्यामागे फांद्या, पाला व दगडमाती यांची भिंत उभी राहिलेली असते.

डोंगरी मुलखात पुराचे पाणी एकटे येत नाही, ते लाकूड घेऊन येते. ह्या लाकडाचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. पाऊस किती पडला हे मोजले जाते, पाणी किती चढले हे भिंतीवर खुणेने दाखविले जाते. परंतु लाकूड किती आले आणि ते कोठे अडले, ह्याची नोंद कोणी ठेवीत नाही. दिवसातून दोन वेळा साकव, मोरी किंवा फरशी ओलांडून शाळेत येणारी मुले ज्या शिक्षकांच्या स्वाधीन आहेत, त्यांना ह्या विषयाची माहिती असणे अगत्याचे आहे.

१. लाकूड ओढ्यात येते कोठून?

ओढ्यात येणाऱ्या लाकडाचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

पहिला मार्ग काठाचा. वळणाच्या बाहेरच्या बाजूस पाणी काठ कोरीत असते. तेथील करंज, जांभूळ, उंबर यांच्या मुळांखालची माती हळूहळू निघून जाते, झाड पाण्याकडे कलते आणि एखाद्या मोठ्या पुरात मुळासकट पात्रात उतरते. असे झाड कलल्यापासून पडेपर्यंत पुष्कळदा काही वर्षे जातात. म्हणजे त्याची पूर्वसूचना डोळ्यांसमोर असते.

दुसरा मार्ग दरडीचा. सह्याद्रीच्या उतारावर काळ्या कातळावर मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ असतो. अतिवृष्टीत हा थर पाण्याने भरून जड होतो व कातळावरून घसरतो. झाडांची मुळे माती धरून ठेवतात हे खरे. परंतु घसरण मुळांच्या पोहोचीपेक्षा खोल झाली, तर माती, दगड आणि झाडे एकत्रच खाली येतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच अतिवृष्टीत २२ जुलै रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. अशा पावसात डोंगराच्या अंगावर लहानमोठ्या अनेक घसरणी होतात. त्यांतील कित्येक वस्तीपासून दूर असल्याने कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. परंतु त्यांच्यातील झाडे ओढ्याच्या वाटेने वस्तीपर्यंत येतात.

तिसरा मार्ग माणसाचा. उन्हाळ्यात तोडलेले ओंडके गाडीची वाट पाहत ओढ्याकाठी रचून ठेवलेले असतात. छाटलेल्या फांद्या, जुन्या कुंपणाचे बांबू, बागेतील पडक्या पोफळी, नारळाच्या झावळ्या, केळीचे बुंधे हे सर्व पात्रात किंवा काठावर लोटून देण्याची सवय अनेक गावांत आहे. पोफळीच्या वा बांबूच्या ओंडक्यांचा तात्पुरता साकवही वाहून गेला म्हणजे खालच्या पुलाला लाकूड होऊनच भिडतो. ह्या तीन मार्गांपैकी हा शेवटचा पूर्णपणे माणसाच्या हाती आहे, म्हणून तो प्रथम लक्षात घेतला पाहिजे.

२. ओंडका अडकतो कसा?

मोकळ्या पात्रात ओंडका सहसा प्रवाहाच्या दिशेने लांबट तरंगत जातो आणि विशेष अपाय करीत नाही. धोका निर्माण होतो तो लाकूड आणि अरुंद तोंड यांची गाठ पडते तेथे. पुलाचा गाळा, मोरीचे तोंड, फरशीखालचे नळ, बंधाऱ्याची खांडे ही सर्व अशी तोंडे होत.

प्रथम एखादा लांब ओंडका येतो. त्याचे एक टोक खांबाला किंवा काठाला अडते, दुसरे प्रवाहाबरोबर फिरते व ओंडका तोंडावर आडवा बसतो. मुळांच्या गड्ड्यासह आलेले झाड तर फारच लवकर अडकते, कारण गड्डा तळाशी किंवा पुलाच्या कडेला रुततो. हा पहिला ओंडका म्हणजे कुलपाची कडी होय. त्याच्यावर मध्यम फांद्या टेकतात, फांद्यांवर काटक्या, काटक्यांवर पाला, गवत आणि अलीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या. आरंभी चाळणीसारखा असलेला हा अडथळा थोड्या वेळात भिंतीसारखा होतो. त्यावेळी ओढ्यात पाणी जास्त आलेले नसते. परंतु त्याची वाट बंद झालेली असते.

ह्यानंतर तीन गोष्टी संभवतात. पाणी मागे फुगून वरच्या बाजूच्या घरांत व शेतांत पसरते; किंवा पुलाला वळसा घालून काठ फोडते व पुलाच्या टोकाचा भराव वाहून नेते; अथवा साठलेल्या पाण्याच्या भाराने अडथळा, आणि कधी कधी पूलसुद्धा, एकदम सुटतो. तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण तो खालच्या बाजूच्या लोकांना काहीही कळण्यापूर्वी घडतो.

३. थोडा हिशेब

वरच्या वर्गांतील मुलांना हा विषय गणिताने चांगला पटतो. पुढील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

एका ओढ्यातून सेकंदाला १० घनमीटर पाणी येत आहे. पुलाचा गाळा निम्म्याहून अधिक बंद झाल्यामुळे त्यातून फक्त ४ घनमीटर जाऊ शकते. म्हणजे दर सेकंदास ६ घनमीटर पाणी मागे साठत राहील. १० मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत, ३,६०० घनमीटर अथवा ३६ लाख लिटर पाण्याचा तुंबारा होईल. आता अडथळा फुटला आणि हे पाणी दोन मिनिटांत निघून गेले असे धरू. १२० सेकंदांत ३,६०० घनमीटर म्हणजे सेकंदास ३० घनमीटर. त्यात मूळचे १० मिळविले की प्रवाह ४० घनमीटर होतो. पावसाचा एक थेंबही न वाढता ओढा चौपट झाला.

दुसरे उदाहरण भाराचे. ३ मीटर रुंदीचा गाळा २ मीटर उंचीपर्यंत पूर्ण बंद झाला आणि मागे तितके पाणी साठले, तर त्या ६ चौरस मीटरांवर पाण्याचा दाब सरासरीने चौरस मीटरला एक टन, म्हणजे एकूण सुमारे ६ टन पडतो. खोली दुप्पट झाली तर भार चौपट होतो. जुन्या दगडी मोऱ्या व साकव असा आडवा भार सोसण्यासाठी बांधलेले नसतात.

तिसरे उदाहरण ओंडक्याचे. ६ मीटर लांब व ३० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचे घनफळ सुमारे ०.४२ घनमीटर भरते. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण ८०० किलो धरले तर हे खोड सुमारे ३४० किलोचे होईल. माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा असताना असे खोड सेकंदाला ३ मीटर वेगाने येऊन आदळले, तर पोहण्याचे कौशल्य त्याच्या कामी येणार नाही.

४. घडलेल्या काही घटना

हा धोका काही एकाच देशाचा नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील लिनमथ हे गाव दोन डोंगरी नद्यांच्या संगमावर आहे. १५ ऑगस्ट १९५२ रोजी वरच्या माळावर २४ तासांत सुमारे २२९ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या घाटमाथ्याच्या मानाने हा पाऊस फार मोठा नव्हे. परंतु उन्मळलेली झाडे आणि मोठमोठे दगड पुलांशी अडकले, त्यांच्यामागे पाणी साठले आणि ते बांध रात्री फुटत गेले. ३४ माणसे मृत्युमुखी पडली. गाव पुन्हा उभारताना नदीला अधिक रुंद वाट करून देण्यात आली. पूर्वी इमारतींच्या सोयीसाठी पाण्याची वाट आवळण्यात आली होती. ती चूक मोठी किंमत देऊन दुरुस्त झाली.

आपल्या देशात २० जुलै १९७० रोजी अलकनंदेला आलेला पूर ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तिच्या पाताळगंगा ह्या उपनदीच्या अरुंद घळीत दरडी व झाडे कोसळून पाणी अडले आणि तो बांध फुटून लोंढा खाली आला. बेलाकुची ही वस्ती वाहून गेली व थेट हरिद्वारपर्यंत गंगेच्या कालव्यात गाळ भरला. उतारावरील जंगलतोड आणि हा पूर यांचा संबंध तेथील गावकऱ्यांनी स्वतः जोडला. १९७३ मध्ये चमोली जिल्ह्यात सुरू झालेल्या चिपको आंदोलनाच्या मागे ह्या पुराची आठवण होती.

२०२५ च्या पावसाळ्यात हिमाचल प्रदेशात तीच गोष्ट पुन्हा दिसून आली. जूनअखेरच्या पुरानंतर बियास नदीवरील पंडोह धरणाच्या जलाशयावर ओंडक्यांचा थर तरंगत असलेला देशभर पाहिला गेला. हे लाकूड दरडींनी आणले की बेकायदा तोडीचे होते, असा वाद झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेऊन केंद्र व संबंधित राज्य सरकारांकडे विचारणा केली.

जपानच्या क्युशू बेटाच्या उत्तर भागात जुलै २०१७ च्या अतिवृष्टीत असंख्य उथळ घसरणी झाल्या. तेथील उतारांवर देवदारासारख्या सरळ वाढणाऱ्या वृक्षांची दाट लागवड आहे. सुमारे २ लाख घनमीटर लाकूड ओढ्यांतून खाली आले, पूल बंद झाले आणि पाणी व लाकूड वस्तीतून वाट काढीत गेले. ४० च्या आसपास माणसे दगावली. डोंगर हिरवा असला म्हणजे लाकडाचा धोका नाही, असे मानता येत नाही, हा ह्या घटनेचा बोध आहे.

स्वित्झर्लंडमधील पालान्येद्रा धरणाची हकीकत मात्र आपल्या गावांना सर्वांत जवळची आहे. ७ ऑगस्ट १९७८ च्या पुरात वाहत्या लाकडांनी ह्या धरणाचा सांडवा बंद झाला आणि पाणी धरणाच्या माथ्यावरून गेले. धरण काँक्रीटचे असल्यामुळे टिकले. आपल्या गावांतील पाझर तलाव व लघुपाटबंधाऱ्यांचे बांध बहुतेक मातीचे आहेत. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी जाऊ लागले तर तो फार काळ टिकत नाही. यास्तव अशा तलावाच्या सांडव्यात अडकलेले एक झाड ही किरकोळ बाब समजू नये.

५. उपाय : उगमाशी, वाटेत आणि तोंडाशी

वाहत्या लाकडाचा बंदोबस्त तीन ठिकाणी करावा लागतो.

उगमाशी करावयाचे काम म्हणजे लाकूड ओढ्यात येऊच न देणे. तोडलेले ओंडके पुराच्या रेषेच्या वर रचावेत. मे महिना संपण्यापूर्वी ते हलवावेत. छाट पात्रात टाकू नये. काठावरील कललेले, पोखरलेले झाड पुलाच्या जवळ वरच्या अंगास असेल, तर ते योग्य परवानगीने काढावे; मुळे मात्र उपटू नयेत, कारण तीच काठ धरून ठेवतात. खाजगी जमिनीतील झाडतोडीसही महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ लागू आहे, ह्याची लोकांना आठवण करून द्यावी. उघड्या पडलेल्या काठावर बांबू, करंज, वाळुंज अशी माती धरणारी झाडे लावणे हाही उगमाशी करावयाचाच उपाय आहे.

वाटेत करावयाचे काम म्हणजे लाकूड वस्तीच्या वर, निरुपद्रवी जागी अडविणे. जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर पोलादी नळ्यांचे उघडे बांध घालतात. नळ्यांमधील अंतर असे ठेवतात की पाणी व बारीक दगड निघून जावेत, परंतु ओंडके व मोठे धोंडे अडावेत. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाखालून झील नदी पाच बोगद्यांतून जाते. ते लाकडांनी बंद झाल्यास शहराचा मध्यभाग बुडण्याचे भय होते. म्हणून शहराच्या वर नदीच्या वळणावर खांबांची एक रांग उभारून २०१७ मध्ये ते काम पुरे करण्यात आले. वळणावर तरंगते लाकूड बाहेरच्या बाजूस ढकलले जाते, ह्या साध्या गुणधर्माचा तेथे उपयोग केला आहे. लाकूड बाजूच्या पात्रात जाऊन खांबांशी थांबते आणि नदी आपल्या वाटेने वाहत राहते.

ही कामे अभियंत्यांची आहेत. गावकऱ्यांनी उत्साहाच्या भरात ओढ्यात स्वतःच खुंट ठोकून जाळी बांधू नये. असा कच्चा अडथळा अर्ध्या पुरात फुटला, तर जो धोका टाळावयाचा तोच ओढवतो. शिवाय पक्का अडथळासुद्धा प्रत्येक पुरानंतर साफ करावा लागतो. भरलेला अडथळा असून नसल्यासारखा होय.

तोंडाशी करावयाचे काम म्हणजे पुलाची व मोरीची वाट मोकळी ठेवणे. नवीन पूल व्हावयाचा असेल तेव्हा ग्रामसभेने काही गोष्टी आग्रहाने मांडाव्यात. अनेक लहान नळांपेक्षा एक रुंद गाळा बरा. पात्राच्या मध्यात खांब नसावा. पुलाच्या खालची बाजू सपाट असावी. पुष्कळ ठिकाणी नळपाणी योजनेची नळी पुलाच्या वरच्या अंगाला लोंबती बांधलेली असते. फांद्या पकडण्यासाठी तिच्यासारखा दुसरा आकडा नाही. जुन्या पुलांच्या बाबतीत पावसाळ्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर सफाई हाच उपाय आहे. हलविता न येणारे खोड गाळ्याच्या रुंदीच्या निम्म्याहून आखूड तुकडे करून ठेवावे, म्हणजे ते वाहत आले तरी बहुधा अडकत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांतील बरगे पावसाळ्यापूर्वी काढण्याचा नियम आहे. तो पाळला गेला नाही तर बंधारा स्वतःच लाकूड अडविणारी भिंत बनतो.

अडकलेले लाकूड काढण्याचे काम पाणी उतरल्यावरच, काठावरून आणि यंत्राच्या साहाय्याने करावे. पूर चालू असताना खालच्या बाजूस उभे राहून ओंडका ओढणे म्हणजे बंद दाराला आतून रेटणाऱ्या जमावापुढे उभे राहून कडी काढण्यासारखे आहे.

६. सर्वच लाकूड शत्रू नव्हे

ह्या विवेचनावरून ओढ्यातील प्रत्येक काटकी उचलून टाकावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वस्तीपासून दूर, जंगलातल्या ओढ्यात पडलेले खोड उपयोगी असते. त्याच्यामागे लहान डोह तयार होतो, पाला व माती थांबते, पाण्याचा वेग कमी होतो. खेकडे, मासे व त्यांची पिले यांना आसरा मिळतो. अमेरिकेच्या वायव्य भागात विसाव्या शतकाच्या मध्यात माशांची वाट मोकळी व्हावी म्हणून ओढ्यांतील लाकूड मोठ्या प्रमाणावर काढून टाकण्यात आले. पुढे असे आढळून आले की त्यामुळे डोह नाहीसे झाले व माशांचे नुकसानच झाले. तेव्हा अनेक ठिकाणी तेच लाकूड पुन्हा पात्रात टाकण्याची वेळ आली. तात्पर्य, लाकूड कोठे आहे आणि त्याच्या खाली कोणते तोंड आहे, हे पाहून निर्णय घ्यावा.

७. शाळेचे काम

शिक्षकाने पूल बांधावा किंवा ओढा साफ करावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु गावात दररोज सर्व वाड्यांची बातमी ज्या एका ठिकाणी आपोआप येते ते ठिकाण म्हणजे शाळा. त्याचा उपयोग करून पुढील कामे सहज होण्यासारखी आहेत.

पहिले काम नकाशाचे. शाळेच्या परिसरातील ओढे, पऱ्ये, साकव, मोऱ्या, फरशा व सांडवे यांचा मोठा नकाशा मुलांकडून करवून घ्यावा. कोणता मुलगा व कोणती मुलगी कोणते पाणी ओलांडून येते, हे त्यावर वाडीवार दाखवावे. प्रत्येक तोंडाची रुंदी उन्हाळ्यात, पात्र कोरडे असताना, फितीने मोजून लिहावी. काठावरील कललेली झाडे व रचलेले ओंडके यांच्या खुणा कराव्यात. ह्या नकाशाची एक प्रत मे महिन्याच्या ग्रामसभेपुढे ठेवली, तर साफसफाई कोठून आरंभावी ह्याचे उत्तर आयतेच मिळते.

दुसरे काम खुणा शिकविण्याचे. पुढील खुणा प्रत्येक मुलाला तोंडपाठ असाव्यात : पाऊस चालू असूनही ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे, पाणी अचानक गढूळ होऊन त्यात ताजा पाला व काटक्या येणे, ओल्या मातीचा उग्र वास येणे, वरच्या बाजूस दगड घरंगळल्यासारखा आवाज होणे. यांपैकी पहिली खूण सर्वांत फसवी आहे. पाणी उतरले असे समजून माणसे ओढा ओलांडू लागतात. वस्तुतः वर कोठेतरी पाणी अडलेले असते. जपानमध्ये लोकशिक्षणात ही खूण आवर्जून सांगितली जाते. आपल्या मुलांना ती एका वाक्यात सांगावी : पाऊस पडतो आहे आणि ओढा आटतो आहे, तर काठापासून दूर उंचावर जा आणि मोठ्यांना सांगा. शिक्षकांनी ही बातमी ताबडतोब ग्रामपंचायतीस व जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षास १०७७ ह्या क्रमांकावर कळवावी.

तिसरे काम लाकडे पकडण्याच्या प्रथेविषयी बोलण्याचे. पुरात वाहून येणारे लाकूड आकडीने ओढून घेण्यासाठी माणसे काठावर उभी राहतात आणि मुले त्यांच्यामागे जातात. ज्या घरी सरपणाची ओढ आहे, त्या घरच्या मुलाला हा लोभ आहे असे म्हणून हिणवू नये; त्याच्या दृष्टीने ती चार दिवसांची चूल असते. त्याला इतकेच समजावून द्यावे की तेच लाकूड पाणी उतरल्यावर काठावर पडलेले सापडते, आणि काठ पुराने आतून कोरलेला असल्यामुळे उभ्या माणसासकट ढासळतो.

चौथे काम हजेरीचे. हे बोलावयास अवघड, परंतु सर्वांत महत्त्वाचे आहे. हजेरी भरावी ही शिक्षकाची स्वाभाविक इच्छा असते आणि शाळा बुडाली तर बोलणी बसतील ही मुलाची स्वाभाविक भीती असते. ह्या दोहोंच्या मध्ये ओढा आहे. पाण्यामुळे जो मुलगा आला नाही त्याला कारण विचारू नये, उभे करू नये, त्याचा बुडालेला पाठ निमूटपणे पुन्हा घ्यावा. ‘पाणी होते म्हणून आलो नाही’ हे उत्तर शाळेत मानाने स्वीकारले जाते, हे मुलांना जूनच्या पहिल्याच आठवड्यात ठाऊक झाले पाहिजे. तसेच शाळा सुटताना ओढा वाढलेला असेल, तर पलीकडच्या मुलांना शाळेतच थांबवावे, पालकांना निरोप पाठवावा आणि मोठ्या माणसांनी पाहून खात्री केल्यावरच त्यांना सोडावे. पाणी उतरल्यानंतरही साकवावर किंवा मोरीत लाकूड अडकलेले दिसत असेल, तर ती वाट त्या दिवसापुरती बंद समजावी.

८. वर्गात करावयाचा प्रयोग

साहित्य : पत्र्याची एक लांब पन्हळ, दोन विटा, ओली माती, निरनिराळ्या लांबीच्या काटक्या, थोडा पाला, दोन बादल्या पाणी व काडेपेटीचे एक खोके.

कृती : पन्हळ थोडी उतरती ठेवावी. मध्यावर दोन विटांमध्ये चार बोटांची फट ठेवून पूल करावा व कडा मातीने लिंपाव्यात. पुलाच्या खाली काही अंतरावर काडेपेटीचे घर ठेवावे. वरून तांब्याने सारख्या धारेने पाणी सोडावे. फटीपेक्षा आखूड अशा २० काटक्या एकेक करून सोडाव्यात व किती अडल्या ते फळ्यावर लिहावे. मग फटीपेक्षा लांब अशा २० काटक्या तशाच सोडाव्यात. तिसऱ्या खेपेस सर्व काटक्या एकदम टाकाव्यात व त्यामागून पाला सोडावा. शेवटी पाणी साठल्यावर आडवी बसलेली पहिली काटकी चिमट्याने काढावी.

निरीक्षण : आखूड काटक्या एकेक आल्या तर बहुतेक निघून जातात, लांब काटक्या अडतात, एकदम आल्या तर आखूड काटक्यांचाही बांध होतो, पाल्याने तो बंद होतो, आणि पहिली काटकी काढताच खालचे घर वाहून जाते. प्रत्येक खेपेस काय होईल हे मुलांनी आधी सांगावे, मग पाहावे. अंदाज चुकला तर मुले कारण शोधू लागतात आणि तेथूनच पाठाला खरा आरंभ होतो. त्यानंतर फट दुप्पट करून हाच प्रयोग पुन्हा करावा. रुंद गाळ्याचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही.

हा प्रयोग, वरील हिशेब आणि गावचा नकाशा मिळून परिसर अभ्यास, गणित व भूगोल ह्या तिन्ही विषयांचा आठवडाभराचा पाठ सहज होतो. तो जूनमध्ये, शाळा उघडताच घ्यावा. मोठा पाऊस सुरू झाल्यावर नकाशा करण्यासाठी मुलांना ओढ्यावर नेता येत नाही.